आधी माणसं मोजा

आजीच्या घरात भांड्यांची मांडणी भिंतीतल्या खुंट्यांना काथ्यानं बांधलेली असायची. पितळेचे डबे, तांबे, ताटल्या, सगळं त्या काथ्याच्या आत. चहासाठी गाळणं काढायचं तरी आधी दोरी वर सरकवायची. उतरंड मात्र आमच्या घरात नव्हती. शेजारच्या गावात मावशीकडे गेलं की मडक्यांवर मडकी रचलेली दिसायची; आमच्याकडे धान्याची मडकी जमिनीवर ओळीनं, एकेकटी बसवलेली. कधीतरी दुपारी जमिनीतून घुम्म असा आवाज यायचा, डबे एकमेकांना टेकून खुळखुळायचे. आजी हातातली भाकरी तव्यावर टाकायची, उजवा तळवा मांडणीवर ठेवायची आणि गप्प उभी राहायची. आवाज विरला की भाकरी उलटायची आणि अंगणाकडं तोंड करून हाळी द्यायची, "पोरं हायती न्हवं समदी?"

पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या काठाला आमची वाडी. तिथं भूकंप ही पाहुण्यासारखी येऊनजाऊन असणारी गोष्ट. पुण्यात वाढलेल्या मला सुट्टीतल्या त्या धक्क्यांची भीती वाटायची आणि आजीच्या त्या हाळीनं ती जायची. ती हाळी कुठून आली, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. एका माणसानं सगळं सांगितलं असंही झालं नाही. थोडं आजीकडून, थोडं काकीकडून, बरंचसं वडिलांकडून. तिघांच्या सांगण्यात फरक आहेत. ते मी तसेच ठेवते.

११ डिसेंबर १९६७. सोमवार, पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. मार्गशीर्षातला शुक्ल पक्ष, पण चंद्र मावळून गेलेला, त्यामुळं मिट्ट काळोख आणि हाडं गोठवणारी थंडी. त्याआधी धरणाचं पाणी अडवायला लागल्यापासून, म्हणजे १९६२ च्या सुमारापासून, बारीकसारीक धक्के बसतच होते. १९६७ च्याच १३ सप्टेंबरला, गणपतीच्या दिवसांत, एक मोठा बसला होता. लोक घाबरले, दोनचार दिवस बाहेर झोपले, पुन्हा घरात गेले. शेतीची घाई होती. पण डिसेंबरच्या त्या पहाटेचा धक्का सहा रिश्टरच्या वरचा होता. दगडमातीच्या भिंती आतल्या बाजूला कोसळल्या. कोयनानगरातली बहुतेक घरं पडली. सगळ्या भागात मिळून सुमारे १८० माणसं गेली, शेकडो जखमी झाली. धक्का मुंबईला, पुण्याला, पार गोव्यापर्यंत जाणवला.

आमच्या घराचा सोपा पडला, माजघर अर्धं उभं राहिलं. मेढी सागाच्या होत्या म्हणून आढं तगलं, असं वडील सांगतात. ते तेव्हा दहाअकरा वर्षांचे. त्यांना आठवतं ते एवढंच, की अंधारात कुणीतरी त्यांच्या बखोटीला धरून ओढलं आणि परड्यात नेऊन गवताच्या गंजीला टेकवलं. गुरं हंबरत होती, धुळीनं श्वास घेता येत नव्हता. त्या गोंधळात पणजोबांचा, तात्यांचा आवाज आला. तात्या तसे मोठ्यानं बोलणारे नव्हते. भजनात टाळ धरायचे आणि मागच्या रांगेत बसायचे. पण त्या पहाटे ते ओरडले, "आदी मानसं मोजा! भितींचं उद्या बगू."

आणि माणसं मोजली. आजी सांगायची, अंधारात तोंडं दिसत नव्हती, म्हणून प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत तिनं मोजली. एक कमी. पुन्हा मोजली, पुन्हा एक कमी. पोटात खड्डा पडला. मग काकीच्या ध्यानात आलं की मोजणारीनं स्वतःला धरलंच नाही. हा प्रसंग सांगताना आजी दर वेळी हसायची आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायची. वाडीतल्या दोन घरांत मात्र मोजणी पुरी झाली नाही.

उजाडायच्या आत चुलवण पेटलं. आंघोळीचं पाणी तापवायचं चुलवण परड्यात, उघड्यावर. त्याला काही झालं नव्हतं. आत जायला तात्यांनी सगळ्यांना बंदी केली होती, पण गोठ्याच्या खोपीत हुलग्याच्या पिठाचं डबडं होतं, गुळाची ढेप होती. आजीनं पाण्याचाच हंडा चुलवणावर ठेवला आणि त्यात माडगं शिजवलं. ज्यांची माणसं गेली होती त्यांच्या दारात ती स्वतः वाडगी घेऊन गेली. त्यातली एक बाई घेईना. आजी तिच्याजवळ फतकल मारून बसली. "रडायला बी अंगात बळ लागतं बाई. दोन घोट घे, मग आपन दोगी मिळून रडू." आणि खरंच दोघी मिळून रडल्या. काकी म्हणायची, तेव्हा सगळ्या वाडीनं रडून घेतलं. कुणी कुणाला गप्प बस म्हणालं नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आमची म्हातारी माणसं धीराची होती असं आपण सहज म्हणून जातो आणि डोळ्यांपुढं कोरड्या डोळ्यांची, दगडासारखी माणसं उभी करतो. माझी आजी तशी नव्हती. ती भरपूर रडायची, हेल काढून रडायची, आणि चुलीवरचं दूधही त्याच वेळी उतू जाऊ देत नसे. दोन्ही कामं तिला एकत्र जमत. तिला पाहिलेलं असल्यामुळं, दुःख गिळून टाकणं म्हणजे धीर, असं मला कधीच वाटलं नाही.

सूर्य वर आला आणि दुसरं संकट आलं, ते बातमीचं. वाडीत रेडिओ एकच, तोही भिंतीखाली गेलेला. बातमी आली ती वरच्या अंगानं पळत आलेल्या माणसाच्या तोंडून: धरण फुटलं! धरण आमच्यापासून काही मैलांवर, आणि त्याच्यामागं महाबळेश्वराच्या पायथ्यापर्यंत पसरलेला शिवाजीसागर. ते पाणी सुटलं तर पाटण काय, कऱ्हाडचा प्रीतिसंगमही उरणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. बायकांनी पोरं काखोटीला मारली आणि लोक डोंगराच्या दिशेनं सुटले.

लोकांनी विश्वास ठेवला त्याला कारण होतं. जेमतेम सहा वर्षांपूर्वी, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटलं होतं. मागोमाग खडकवासल्याचं. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्या वाडीतला एक गडी तेव्हा नारायण पेठेतल्या एका खानावळीत पोळ्या लाटायला होता. तो छपरावर बसून वाचला. माळ्यावरचे हंडे, पलंग, गाद्या, गाई, सगळं डोळ्यांसमोरून वाहत जाताना त्यानं पाहिलेलं. पुढं तो पुण्यात टिकला नाही, गावी परतला. धरण फुटल्याची हाळी त्यानंच दिली, असं काकी सांगायची. आजी म्हणायची, हाळी दुसऱ्याच कुणी दिली, तो बिचारा फक्त सगळ्यात पुढं पळत होता. कुणाचं खरं, आता सांगायला दोघीही नाहीत.

तात्या मात्र नदीकडं चालत गेले. धरण झाल्यापासून कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला, पोफळीच्या वीजघराकडं वळवलं होतं. तिथून ते वाशिष्ठीला मिळून चिपळूणकडं जाई. त्यामुळं मार्गशीर्षात आमच्याकडं नदी बारीक असायची, गुडघाभर. तात्यांनी पाण्याच्या कडेला एक पांढरा धोंडा ठेवला आणि काठावर बसले. धोंडा भिजला तर पळायचं, नाही भिजला तर पळायचं नाही. त्यांनी त्या पुण्याहून आलेल्या गड्यालाही बोलावून शेजारी बसवलं. वडिलांच्या मते तात्या अर्धा तास बसले आणि गडी संध्याकाळपर्यंत एकटा बसून राहिला. दर थोड्या वेळानं तो उठून डोंगराकडं बघत दोन्ही हात हलवायचा, म्हणजे अजून कोरडा आहे. दुपारनंतर एकेक कुटुंब खाली उतरलं. त्या गड्याला पुढं सगळी वाडी मानानं वागवायची. ज्याची भीती सगळ्यात खरी होती त्यालाच राखणीला बसवावं, हे तात्यांना कसं सुचलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

धरण फुटलं नव्हतं. भिंतीच्या उंच भागात आडव्या भेगा पडल्या होत्या, हे खरं. तज्ज्ञ आले, तपासण्या झाल्या, आणि पुढच्या काळात त्या भागाला मागून काँक्रीटचे आधार देण्यात आले. १०३ मीटर उंचीची ती भिंत उभी राहिली ती आजतागायत.

तिकडं मुंबईत आजोबा, म्हणजे आमचे आबा, मस्जिद बंदरला पाठीवर गोण्या वाहायचे. आमच्या पाटण तालुक्यातली घरटी एक तरी पाठ मुंबईच्या बंदरात आणि बाजारात झिजलेली आहे. पुढं ज्यांनी माथाडींना कायद्याचं छत्र मिळवून दिलं ते अण्णासाहेब पाटीलही आमच्याच तालुक्यातले. कायदा आला १९६९ साली. ६७ मध्ये आबांच्या हातात रोजची मजुरी आणि डोक्यावर गावकऱ्यांची सामाईक खोली, एवढंच. एका खोलीत वीसपंचवीस माणसं, पाळीपाळीनं झोपणारी. पहाटे खोली हलली. दिवे गेले, गिरण्या थांबल्या, कारण कोयनेचीच वीज मुंबईला जायची. दुपारपर्यंत बातमी पसरली की कोयना भुईसपाट झाली.

खोलीतली माणसं लगेच एसटीकडं धावणार होती. आबांनी आणि खोलीतल्या एका थोराड माणसानं सगळ्यांना तासभर थांबवलं. कशासाठी, तर बाजार करायला. मेणबत्त्या, काडेपेट्या, बटर, आणि खिळे. खिळ्यांची गोष्ट आबा स्वतः सांगायचे. ते म्हणायचे, "घर पडलं आसंल तर लाकडं तितंच आसत्याल. खिळं कुनाकडं आसत्याल?" माणसं वाचली असतील का, हे माहीत नसताना हा माणूस खिळे विकत घेत होता. आबांच्या पिशवीतल्या त्या खिळ्यांमधला विश्वास मला कुठल्याही मोठ्या शब्दांपेक्षा मोठा वाटत आला आहे.

गाडीत म्हणे कुणी फारसं बोललं नाही. कऱ्हाडच्या स्टँडवर उतरले तर तिथं पश्चिमेकडून आलेल्या माणसांभोवती गर्दी. प्रत्येकजण आपल्या गावाचं नाव घेऊन विचारत होता. आमच्या वाडीचं नाव घेतल्यावर एक म्हातारा म्हणाला, "परड्यात चुलवन पेटल्यालं बगितलं मी." आबा तिथंच खाली बसले. पुढचा रस्ता काही गाडीनं, काही पायी.

ते पोचले त्या दिवशी की आदल्या, एकादशी होती. पणजीनं आयुष्यात एकादशी मोडली नव्हती. पण त्या दिवशी तिनं सगळ्यांबरोबर भाकरी खाल्ली, पोरांना खायला लावली आणि म्हणाली, "इटूबाला समदं कळतं. त्यो बी आपल्या संगं भाईर ऱ्हायला आलाय." विठोबाचं देऊळही पडलं होतं. मूर्ती एका पाटावर ठेवून पिंपळाखाली आणली होती.

आजीच्या वाट्याला खरी वाईट बातमी तिसऱ्या दिवशी आली. तिचा धाकटा भाऊ धरणाच्या कामावर होता, कोयनानगरात राहायचा. त्याच्या चाळीतली बरीच माणसं गेली, त्यात तोही. बातमी सांगायला आलेल्या माणसाला आजीनं पहिला प्रश्न विचारला, "तू बगितलंस?" तो म्हणाला, बगितलं. मग तिनं काही विचारलं नाही. ती किती रडली हे वडील सांगत नाहीत. एवढंच सांगतात, की संध्याकाळी गाय पान्हावून हंबरायला लागली तेव्हा आई उठली, चरवी घेतली आणि गोठ्यात गेली. धार काढून झाल्यावर ते दूध तिनं वाडीतल्या सगळ्या बारक्यांना वाटलं. भावाचं नाव त्यानंतर दर दिवाळीला, भाऊबीजेला, ती चंद्राला ओवाळताना घ्यायची.

पुढचे कित्येक महिने वाडी बाहेर राहिली. खोपी बांधल्या, पत्रे आले, घोंगडी आली. मदत येत होती तशा आवयाही येत होत्या: अमुक तारखेला मोठा धक्का बसणार, जमीन फाटणार. तात्यांनी एक नेम घालून दिला होता. जो कोणी बातमी आणील त्याला आधी पाणी द्यायचं, बसवायचं आणि मग विचारायचं: कुणी पाहिलं, कधी पाहिलं, कुठं पाहिलं? पाणी पिता पिताच निम्म्या बातम्या आटून जायच्या, असं काकी म्हणायची. संध्याकाळी पिंपळाखाली भजन. मध्येच धक्का बसला तर टाळ थांबायचे, सगळे एकमेकांकडं बघायचे, कुणीतरी हळूच मोजून घ्यायचं आणि अभंग जिथं थांबला तिथून पुढं चालू.

वडिलांना ते महिने आनंदाचे आठवतात, हे ऐकून मला पूर्वी नवल वाटायचं. शाळा झाडाखाली, झोप पेंढ्यावर, सगळ्या वाडीचं जेवण जवळजवळ एकत्र, रात्री शेकोटीत भाजलेल्या शेंगा. मोठ्या माणसांनी आपल्या छातीवरचं ओझं पोरांच्या अंगावर पडू दिलं नाही. आता मला त्यांचा तो आनंद कुणाची तरी कमाई वाटतो.

पुढं या भागाचा अभ्यास जगभर झाला. धरणात साठवलेल्या पाण्यामुळं अशा भूकंपांना चालना मिळते, हे शास्त्रज्ञ आमच्या खोऱ्याचं उदाहरण देऊन सांगतात. त्यासाठी कोयनेच्या परिसरात खोल विंधण घेऊन जमिनीच्या पोटातलं मोजण्याचं कामही झालं. आजीला मी हे समजावून सांगितलं होतं. तिनं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग त्येंनी मोजल्याव आदी कळंल व्हय?" अजून नाही कळत म्हटल्यावर म्हणाली, "मोजू द्यात. मोजत ऱ्हावावं मान्सानं."

नंतर घरात रेडिओ आला आणि आजी सकाळच्या पुणे केंद्राच्या बातम्या चुकवेनाशी झाली. वाईट बातमी लागली की ती च्च च्च करून गप्प बसत नसे. तिचा ठरलेला प्रश्न असे, "आपल्याकडनं काय जातंय का तकडं?" बहुतेक वेळा काहीच जात नसे. मग ती देवापुढं वात लावायची आणि त्या गावाचं नाव घ्यायची. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपाची बातमी आली, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, हजारो माणसं झोपेतच गेलेली, तेव्हा मात्र तिनं घर डोक्यावर घेतलं. तिला ती पहाट पाठ होती. दगडमातीच्या भिंती, काळोख, धूळ, सगळं. तिनं आपल्या लुगड्यांच्या, स्वतः शिवलेल्या गोधड्या बाहेर काढल्या. वाडीत फिरून भाकऱ्या, चटणी, शेंगा गोळा केल्या. पाटणहून ट्रक निघणार होता. एका गोधडीच्या घडीत तिनं खिळ्यांची पुडी घातली. आबा तेव्हा हयात नव्हते.

ती गोधडी लातूरकडं कुणाच्या अंगावर पडली, कुणास ठाऊक. पण त्या पावसाळी दिवसांत ती कुणाच्यातरी उपयोगी पडली असणार, याबद्दल आजीला तिळमात्र शंका नव्हती. ती पुन्हा पुन्हा विचारायची, "पोचली आसंल न्हवं आतापतूर?"

आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. जुलै २०२१ मध्ये आमच्या तालुक्यात दरडी कोसळल्या: आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. त्याच दिवसांत डोंगरापलीकडं चिपळूण पाण्यात बुडालं. मी पुण्यात, हातात फोन. दर मिनिटाला नवा फोटो, नवी चित्रफीत, त्यातल्या निम्म्या कुठल्या गावाच्या आणि कुठल्या सालच्या कळत नव्हतं. चुलतभावाचा फोन लागत नव्हता. मी फोन उलटा ठेवला, तांब्याभर पाणी पिऊन बसले आणि एका कागदावर वाडीतल्या आपल्या माणसांची नावं लिहिली. मग ज्याचा लागेल त्याला फोन करत एकेक नाव पुसत गेले.

संध्याकाळी चुलतभाऊच लागला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "आक्का, घरातली समदी मोजली. हायती." मी रडायला लागले. त्यानं मला रडू दिलं. मग म्हणाला, दरडीखालनं वाचलेल्या माणसांना शाळेत आणलंय, आजूबाजूच्या गावांतून भाकऱ्या येतायत, पण लेकरांना कोरडी भाकरी चावत नाही, तेव्हा काकूनं हुलग्याचं पीठ काढलंय आणि शाळेच्या पटांगणात चूल मांडलीय. मोठं पातेलं मंडपवाल्यानं फुकट दिलं. "तुमच्याकडनं काय येतंय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, सांग काय पाहिजे. त्यानं यादी सांगितली: ताडपत्र्या, बारक्या पोरांचे कपडे, मेणबत्त्या, सॅनिटरी नॅपकिन, आणि जमलं तर चार इंची खिळे. मी लिहून घेत होते. मागून कुणीतरी त्याला हाक मारली, माडगं खाली लागतंय म्हणून, आणि तो "ठेवतो गं" म्हणून पळाला.